ममताच्या नवऱ्याची जोडी

उमरखेडजवळच्या त्या तांड्यात ममताइतकी संशयी बाई दुसरी नव्हती, आणि हे तिला स्वतःलाही मान्य होतं. नवरा देखणा होता, त्याला ती काय करणार? बादल हसला की गालाला खळी पडायची आणि ती खळी आपल्याशिवाय दुसऱ्या बाईला दिसूच नये असं ममताला वाटायचं. होळीला तो डफडं घेऊन लेंगी गायला उभा राहिला की सगळा तांडा गाणं ऐकायचा आणि ममता समोर कोणकोण बाया उभ्या आहेत ते बघायची.

तिच्याकडे शिवणाचं मशीन होतं. तांड्यातल्या बायांची मापं तिच्या तोंडपाठ होती. ज्या बाईशी बादल दोन शब्द जास्त बोलला, तिचं ब्लाउज काखेत हमखास काचायचं. बाया म्हणायच्या, ममता शिवते चांगलं, पण कधीकधी हात चुकतो तिचा. हात कधीच चुकत नव्हता.

त्या वर्षी पोळा झाला आणि ममताने घरात जाहीर करून टाकलं की यंदा ती ऊस तोडायला येणार नाही. मुलगी खुशी दहावीला होती. आजवर दर दसऱ्यानंतर पोरीची शाळा अर्धी सोडून तिला फडावर न्यायचं आणि परत आणून मास्तरांच्या विनवण्या करायच्या, हेच चाललं होतं. यंदा मशीन चालवीन, पोरीजवळ राहीन, परीक्षा होऊ दे, असं तिने ठरवलं. बादल चिडेल, आदळआपट करेल, या तयारीने ती बोलली होती. तो नुसता म्हणाला, "बरं. राह्य तू घरी."

इतक्या गुमान मान्य केलं म्हटल्यावर ममताला ते खटकलं. घरची बाई सोबत येत नाही आणि नवऱ्याला त्याचं काहीच नाही?

मग एका सकाळी तिने ते ऐकलं. ती घरामागे धुणं वाळत घालत होती आणि बादल पलीकडे कुडाला टेकून फोनवर बोलत होता. "यंदा जोडी पक्की आहे," तो म्हणत होता. "एकदा जोडी लागली का मंग पाह्य. अन् हे पाह्य, ममताले पत्ता लागू द्यायचा नाई."

ओली साडी तिच्या हातात तशीच राहिली.

जोडी या शब्दाचा अर्थ तांड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. ऊसतोडीत माणूस एकटा धरत नाहीत. नवऱ्याने तोडायचं, बायकोने मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रकपर्यंत न्यायच्या, दोघांची मिळून एक जोडी. मुकादम आगाऊ पैसे देतो, ती उचलही जोडीलाच. ज्याची बायको घरी राहिली तो दुसरी कोणी जोडीला धरतो. कधी बहीण, कधी भावजय, आणि कधी अशी कोणी जिच्यावर तांडा पुढे वर्षभर बोलत राहतो.

ती कोण, हे ठरवायला ममताला साडी वाळत घालण्याइतकाही वेळ लागला नाही. राखी. नवऱ्याने टाकल्यापासून बापाच्या घरी राहणारी, दोन घरं सोडून. कोयता चालवण्यात गड्याला मागे सारणारी, आणि जोडीविना बसलेली. राखीचं हसणं मोठं होतं, कंबर बारीक होती, आणि त्या कंबरेचं माप ममतानेच घेतलेलं होतं. आपल्याच हाताने शिवलेलं ब्लाउज घालून ती आपल्या नवऱ्याशेजारी फडावर वाकणार, संध्याकाळी त्याच्यासाठी भाकरी थापणार, एका पालात झोपणार. ममताच्या अंगाची नुसती आग होत होती.

त्या दिवसापासून तिने डोळ्यांत तेल घालून पहारा सुरू केला. बादल फोनकडे बघून एकटाच हसायचा. कधी हसता हसता तोंड उतरायचं, मग दिवसभर जेवायचा नाही. दुपारी ठरलेल्या वेळी त्याचा जीव थाऱ्यावर नसायचा. प्रेमात पडलेल्या माणसाची सगळी लक्षणं ममताला त्याच्यात दिसली. आणि मग पेटीतले चांदीचे तोडे गेले. तिच्या आईने लग्नात दिलेले, चांगले वजनदार तोडे.

ती तडक राखीच्या अंगणात गेली. राखी शेंगा निवडत बसली होती.

"पाय दाखव," ममता म्हणाली.

"काहून?"

"दाखव म्हणतो ना. माहे तोडे पाह्यचे आहेत मले."

राखीने तिच्याकडे एकदा पाहिलं, लुगडं घोट्याच्या वर ओढलं आणि दोन्ही पाय पुढे केले. पाय उघडे होते, टाचांना भेगा होत्या. एवढ्यावर कोणीही शहाणी बाई गप्प घरी गेली असती. ममताने मात्र विचार केला की तोडे लपवलेत म्हणजे चोरी आणखी मोठी आहे, आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं नको नको ते बोलून आली.

मग नसाब बसली. नसाब म्हणजे तांड्याचा निवाडा. सेवालाल महाराजांच्या देवळापुढे लिंबाखाली माणसं जमली. तांड्याचे नायक खेमसिंग हे बादलचे चुलतेच. त्यांनी फार घोळ न घालता विचारलं, "बादल, तू राखीले जोडीले नेऊन राह्यला का? हो का नाई, तेवढं सांग."

बादलने खाली मान घातली. तो नाही म्हणाला असता तरी ममताचा विश्वास बसला नसता, पण तो नाही म्हणेल अशी वेडी आशा मात्र होती.

"हो काका," तो म्हणाला. "चुकलं माहं."

"खोटं बोलून राह्यला हा," राखी उभी राहिली. "नायकबा, यानं मले कधी इचारलंबी नाई. देवासमोर सांगतो." तिचं कोणी ऐकलं नाही. गडी स्वतःच्या तोंडाने कबूल करतो म्हटल्यावर बाईच्या शपथेला कोण विचारतं? बादलला दंड म्हणून तांड्याला जेवण घालायला सांगितलं. आणि ममताने हट्टच धरला म्हणून खेमसिंगांनी आणखी एक ठरवलं की यंदा तांड्यातल्या कोणत्याच टोळीने राखीला सोबत न्यायचं नाही.

मुकादम लखीराम तिथेच बसला होता. ममता सगळ्यांदेखत त्याला म्हणाली, "भाऊ, बादलची जोडी मी आहे. लिहून घ्या. मीच येतो." लखीरामने दुसऱ्या दिवशी उचल आणून दिली. ममताने ती स्वतःच्या हाताने बादलच्या हातात ठेवली, राखी बघते आहे याची खात्री करून. दहावीचं काय, असं खुशीने विचारलं तेव्हा ती म्हणाली की उचलीतून पैसे भरून तुला उमरखेडला ओळखीच्या बाईंकडे ठेवू. ममताला त्या आठवड्यात इतकं हलकं वाटत होतं की ती मशीनवर बसून गुणगुणायची.

दसरा तोंडावर आला. एके दिवशी बादल अंघोळीला गेला असताना त्याचा फोन वाजला. ममताने झडप घालून उचलला आणि श्वास रोखून कानाला लावला. राखीचा आवाज येणार होता.

"बादलभाऊ," एक गडीमाणूस बोलला, "कालची जोडी गेली. आज कोणती लावू?"

ममताला कळेना. जोडी गेली कुठे? आणि रोज नवी जोडी लावतं कोण? "कोणती जोडी?" तिने विचारलं. पलीकडचा माणूस घाईघाईने वहिनी, काही नाही, कापसाचं होतं, असं पुटपुटला आणि फोन बंद झाला.

बादल अंग पुसत आला तर ही दारात फोन धरून उभी. त्याने एकदा फोनकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि उंबऱ्यावर खालीच बसला.

"सट्टा आहे, ममता," तो म्हणाला. "आकड्याचा. दोन आकडे लावतेत त्याले जोडी म्हणतेत. लागली तं लई पैसे येतेत. तोडे त्यातच गेले."

"अन् राखी?"

"राखीचं काही नाई. माह्या आईची शपथ."

"मंग नसाबीत काहून हो म्हटलं?"

"नाई म्हटलं असतं तं तोडे कुठं गेले ते सांगा लागलं असतं. बाईच्या भानगडीले तांडा दंड घेऊन सोडते. सट्टेबाज म्हटलं असतं तं लखीरामनं उचल देल्ली असती का?"

आणि ममताला काय झालं असेल? तिला आनंद झाला. खरं ते लिहायला हवं. पोटातला एवढा मोठा निखारा क्षणात विझला. बाई नाही, नुसते आकडे. नवरा आपलाच आहे, खळी आपलीच आहे. तिने त्याला जेवायला वाढलं, भाकरीवर तूप घातलं, आणि तो जेवत असताना समोर बसून बघत राहिली. दुसरी भाकरी तव्यावर टाकताना तिला तो माणूस म्हणाला ते आठवलं. कालची जोडी गेली. ती कोणत्या पैशांवर लावली होती? तिने तवा तसाच ठेवला आणि उचल ठेवलेली पेटी उघडली. पेटीत खुशीच्या शाळेचे दाखले होते आणि तिची लग्नातली, आरसे जडवलेली ओढणी होती. उचलीतला एक रुपया उरला नव्हता.

आता फडावर जाणं भाग होतं. उचल घेतली म्हणजे तोडून फेडायची, ती कुठे गेली हे मुकादम विचारत नाही. उमरखेडच्या बाईंना द्यायला पैसे नव्हते. दसऱ्यानंतर तांड्यात उरतात ती म्हातारी माणसं, ज्यांचं त्यांनाच होत नाही. धडधाकट अशी एकच बाई मागे राहणार होती, कारण तिला कोणी सोबत नेऊ नये असं ममतानेच ठरवून घेतलं होतं.

ती राखीकडे गेली. अंगणात उभी राहून सगळं सांगितलं, मधे एकदाही वर न बघता.

"नसाबीत सांग हे," राखी म्हणाली.

ममता खेमसिंगांकडेही गेली. ते सगळं ऐकून म्हणाले, "आता कोणाले जमा करू, पोरी? लोकं सामान बांधून राह्यले. आल्यावर पाहू." हे तिने परत येऊन राखीला सांगितलं तेव्हा राखी हसली, पण ते नेहमीचं मोठं हसू नव्हतं.

"तुहा नवरा मले कधीच नको होता," ती म्हणाली. "मले काम पाह्यजे होतं. यंदाचं वर्ष खाल्लं तू माहं." मग म्हणाली, "पोरीले पाठव. तिनं माहं काही बिघडवलं नाई."

ट्रक सकाळी निघाला. बोचकी, भांडी, कोंबड्या, त्यांवर माणसं. खुशी "याडी, फोन कर" म्हणाली, आईला कडकडून भेटली आणि मागे सरकली. राखीने तिच्या केसांतून हात फिरवला, सुटलेली वेणी पुन्हा घट्ट बांधून दिली, आणि पोरगी सवयीची असल्यासारखी तिला टेकून उभी राहिली. तिच्या पुस्तकांवर आता राखी दिवा लावणार होती, परीक्षेच्या दिवशी राखीच तिच्या हातावर दही ठेवणार होती.

ममताच्या जिवाचा कोळसा होत होता. बादल शेजारीच बसला होता, खिशातला फोन चाचपत. त्याच्याकडे तिने पाहिलंही नाही. तांड्यातल्या कोणत्याही बाईने त्याला त्या घडीला ट्रकमधून उतरवून नेलं असतं, तरी तिची हरकत नव्हती. तिला हवी होती ती राखीची जागा.