मुद्दाम चुकवलेली गणितं

सून म्हणाली होती, "बाबा, तिला गणित आता गेम शिकवतो. तुम्ही नका त्रास घेऊ." तिला म्हणायचं होतं की मी ओरडतो. ओरडतो, हे खरं आहे. नात दुसरीत असताना सव्वाचा पाढा विसरली, तेव्हा मी तिची वही भिरकावली होती. त्याच उन्हाळ्यात मुलानं शहराच्या दुसऱ्या टोकाला, हुडकेश्वरला फ्लॅट घेतला. शाळा जवळ पडते, असं कारण सांगितलं. माझा जन्म सौदे करण्यात गेला. समोरचा खरं कारण कुठं लपवतो, ते मला कळतं.

इकडं या टोकाला, वाडीत माझं बारदान्याचं गोदाम आहे. जुनी पोती घ्यायची, झाडायची, शिवायची आणि धान्यवाल्यांना विकायची. शाळा चौथीत सुटली, पण पावकी, निमकी, दीडकी असे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ होते. त्यांच्या जोरावर मी उभा राहिलो. समोरचा कॅल्क्युलेटर काढेपर्यंत मी भाव सांगून मोकळा झालेला असायचो. माझ्याच घरात मात्र ही विद्या कुणाला नको होती. माझी जागा मोबाईलवरच्या गेममध्ये शिकवणाऱ्या एका घुबडाला दिली. घुबड घरावर बसलं तर आमच्याकडं लोक दगड मारून उडवतात. हे मला लागलं होतं, अजूनही लागतं. बायको असती तर तिच्याशी भांडलो असतो. ती गेल्यापासून गोदामावरच्या खोलीत भांडायलाही कुणी नाही.

नात चौथीत गेली आणि एका संध्याकाळी तिचाच फोन आला.

"आबा, तुम्ही पण गेममध्ये या ना. जोडी लागते."

"कायले?"

"पूल बांधायचा आहे. दोघांनी गणितं सोडवली की फळ्या मिळतात."

"तुह्या मायले विचारलं काय?"

"मम्मी म्हणाली, चालेल. गेममध्ये आबांना ओरडता येत नाही."

मी हसलो. ते वाक्य विसरलो मात्र नाही.

त्यानंतर रोज पाच वाजता मी शटर अर्धं खाली ओढायचो. बाहेर ट्रक भरत असायचे आणि मी खुर्चीत मोबाईल धरून बसायचो. तिच्या नावापुढं हिरवा ठिपका लागला की खेळ सुरू. बोलणं होत नसे. गेममध्ये तयार चित्रं होती, ती एकमेकांना पाठवायची. ती हसरं घुबड पाठवायची. दिवसभरात सौद्याशिवाय माझ्या वाट्याला आलेलं तेवढंच.

मग ती चार दिवस मामाच्या लग्नाला गेली. जाताना आपला पासवर्ड मला देऊन गेली. "आबा, रोज एकदा माझ्या नावानं उघडा आणि एकच गणित करा. नाही तर माझी रोज खेळल्याची साखळी तुटेल."

मी उघडलं. तिच्या वर्गातल्या मुलांची यादी दिसली. ती बाराव्या पायरीवर होती आणि यादीत जवळजवळ तळाला. माझं डोकं फिरलं. माल चांगला असताना कमी भावात पडून राहावा, हे मला कधीच सहन झालेलं नाही. चार दिवस गोदामातली कामं दुसऱ्यांवर सोपवून मी तिच्या नावानं गणितं सोडवली. बारावरून एकेचाळीस. यादीत पहिली. तिचा फोन येईल, ती नाचेल, म्हणून वाट बघत बसलो.

फोन सोमवारी आला. ती रडत होती.

"आबा, मला एकही येत नाहीये. हे कसले प्रश्न आहेत?"

"सोपं आहे वं. पाऊण म्हणजे तीन पाव. आता त्याले..." तिचं रडणं चालूच होतं. माझा आवाज चढला. "एवढं काहून येत नाही तुले?"

फोन कटला. थोड्या वेळानं सुनेचा आला.

"बाबा, ती पहिली आली म्हणून मॅडमनी तिला आज फळ्यावर बोलावलं. जमलं नाही. पोरं म्हणाली, हिनं चोरी केली. आता ती गेम उघडत नाही, वहीही उघडत नाही."

"मी तिले वर नेलं, अन् तुम्ही मलेच बोलून राहिले?"

"वर तुम्ही गेलात, बाबा. ती बाराव्या पायरीवरच होती. बरोबर उत्तर दिलं की गेम पुढचं अवघड देतो, चुकलं की सोपं."

"म्हणजे चुकत गेलं तर खाली येते?"

"येते."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी शटर पूर्ण खाली ओढलं आणि चुकायला बसलो. पहिल्या गणितालाच बोट आपोआप बरोबर उत्तरावर गेलं. ओढून बाजूला नेलं. एकेचाळीसवरून चाळीस. प्रत्येक चुकीला घुबड मान वाकडी करून म्हणायचं, "जवळ आलीस. पुन्हा बघू या." मी मुद्दाम चुकत होतो, तरी त्याचा आवाज एकदाही बदलला नाही. मला त्या घुबडाचा भयंकर राग आला. बारावर यायला संध्याकाळ झाली.

सुनेला फोन केला. "बारावर आणली. रविवारी येऊ काय?"

"या. पण शिकवायचं नाही. नुसतं बसायचं."

"अन् तिनं विचारलं तर?"

"तिनं विचारलं तर सांगा."

माझ्याजवळ तीन अटी तयार होत्या. एकही घातली नाही.

रविवारी नात सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला टॅब घेऊन बसली. "आबा, पाणी हवं का?" एवढं विचारलं, मग गेम उघडला. छत्तीस भागिले चार. तिनं आठ दाबलं. चुकल्याचा आवाज आला आणि तिनं तिरक्या नजरेनं माझ्याकडं पाहिलं. मी लगेच खिडकीबाहेर बघू लागलो. समोर नव्या इमारतीचं काम चालू होतं. तिनं टॅब हळूच पलीकडं वळवला.

मग मला पडदा दिसेना, नुसते आवाज ऐकू येत होते. चुकल्याचा वेगळा, बरोबरचा वेगळा. सुनेनं चहा आणला, कप रिकामे झाले. तोवर तिनं काही विचारलं नव्हतं, तरी मी नुसता बसून होतो.