शून्य टक्क्यांचा सत्कार

काळे सरांच्या खांद्यावर शाल पडली आणि सभागृहात टाळ्या झाल्या. प्राचार्य गरुड सर माइकवर सांगत होते, "शून्य टक्के! एक अपवाद सोडला तर आपल्या कॉलेजचा प्रत्येक प्रस्ताव शून्य टक्के. विद्यापीठात असं दुसरं कॉलेज दाखवा." काळे सरांनी नारळ छातीशी धरला आणि नम्रपणे मान खाली घातली. अपवाद माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला होता. ढवळे मॅडम टाळ्या वाजवत नव्हत्या. त्यांच्या रिपोर्टवर शेहेचाळीस टक्के छापून आलं होतं.

आधी हे टक्के कसले ते सांगतो. मी सेलूतल्या एका शिक्षणशास्त्र महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. शिक्षक तयार करणारं कॉलेज, बी.एड., एम.एड. वगैरे. आमच्या प्राध्यापकांनी संशोधन करावं म्हणून विद्यापीठाने आम्हाला 'संशोधन सहाय्य कक्ष' दिला. कक्ष म्हणजे ग्रंथालयामागची एक खोली, दोन कॉम्प्युटर, बोटाने चालणारा मोठा डिजिटल फळा आणि वाङ्मयचौर्य पकडणारं सॉफ्टवेअर. या सगळ्याची जबाबदारी माझ्याकडे आली, कारण खोलीची किल्ली आधीपासून माझ्याकडेच होती.

सॉफ्टवेअरचं काम सोपं आहे. आपण फाइल टाकायची. ते त्यातला मजकूर इंटरनेटवरच्या आणि मासिकांतल्या मजकुराशी ताडून बघतं आणि किती भाग जुळतो ते टक्क्यांत सांगतं. दहाच्या आत आलं तर प्रस्ताव विद्यापीठाकडे जातो आणि सीड मनी मिळतो, म्हणजे संशोधनाची पेरणी करण्यापुरते पैसे. दहाच्या वर गेलं की प्रस्ताव त्या वर्षापुरता बाद. टक्क्यांवर लक्ष ठेवायला कॉलेजची संशोधन समिती आहे आणि तिचे अध्यक्ष काळे सर आहेत.

काळे सरांच्या संशोधनाबद्दल मला आदर आहे, कारण त्यात सातत्य आहे. विषय दरवर्षी तोच, 'अध्यापनात नवतंत्रज्ञानाचा वापर: एक अभ्यास'. फक्त तालुका बदलतो. एका वर्षी गंगाखेड, एका वर्षी पाथरी, या वर्षी सेलू. जिल्ह्यातले तालुके संपले की सर निवृत्त होणार, असा आमचा स्टाफरूममधला हिशेब आहे.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी ढवळे मॅडम ग्रंथालयात आल्या. टेबलावर रिपोर्ट ठेवला आणि उभ्यानेच म्हणाल्या, "मठपती सर, मी चोरी केली का? एवढंच सांगा."

मॅडमचा विषय मला माहीत होता. वालूरच्या शाळेत दुसरीतली मुलं धडा घडाघडा वाचतात, पण काय वाचलं ते त्यांना सांगता येत नाही. असं का होतं, हे मॅडमना शोधायचं होतं. जूनपासून त्या पदरच्या खर्चाने एसटीने वालूरला जात होत्या. प्रत्येक मुलाकडून वाचून घ्यायचं, प्रश्न विचारायचे, उत्तरं टिपून ठेवायची. पुढचं काम आवाज रेकॉर्ड करून करायचं होतं, त्यासाठी रेकॉर्डर हवे होते, टॅब हवे होते. पैसे याच वर्षी मिळायला हवे होते. वर्ष गेलं की ही मुलं तिसरीत जाणार आणि जूनपासूनची मेहनत पाण्यात जाणार.

मी पूर्ण रिपोर्ट उघडला. आमच्याकडे रिपोर्टचं फक्त पहिलं पान छापायची पद्धत आहे. पहिल्या पानावर टक्के असतात, खाली सही-शिक्क्याला जागा असते, बाकीची पानं कोणी मागत नाही. कागदही वाचतो. आतली पानं बघितली आणि माझा जीव भांड्यात पडला. लाल रंगात दाखवलेला जवळजवळ सगळा मजकूर परिशिष्टातला होता. मुलांना वाचायला द्यायचे दुसरीच्या पुस्तकातले धडे मॅडमनी जसेच्या तसे जोडले होते. पालकांच्या परवानगीचा ठरलेला नमुना होता. संदर्भ ग्रंथांची यादी होती. पाठ्यपुस्तकातला धडा पाठ्यपुस्तकाशी जुळणारच. मॅडमचं स्वतःचं लिखाण स्वच्छ होतं.

"मग काळे सरांचं शून्य कसं?" मॅडमनी विचारलं. "त्यांच्या पहिल्या प्रकरणातल्या व्याख्या तर माझ्या बी.एड.च्या गाइडात आहेत."

प्रश्न रास्त होता. मी काळे सरांचा रिपोर्ट आतून उघडला. सॉफ्टवेअरला फाइलमध्ये जे दिसतं ते रिपोर्टच्या आतल्या पानांवर उमटतं. तिथे एकही मराठी अक्षर नव्हतं. इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं, मधेच एखादा डॉलर. पानंच्या पानं तसलीच.

झालं होतं असं. आमचे प्राध्यापक स्वतः टाइप करत नाहीत. जुन्या प्रबंधांच्या झेरॉक्सवर पेन्सिलीने खुणा करतात आणि गठ्ठा स्टेशन रोडवरच्या सलीमभाईंच्या टायपिंग सेंटरवर देतात. सलीमभाई अजून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतात. हे जुने फॉन्ट म्हणजे वरून मराठी, आतून इंग्रजी. पडद्यावर आणि कागदावर 'शिक्षण' दिसतं, पण कॉम्प्युटरच्या पोटात भलतीच अक्षरं साठवलेली असतात. सॉफ्टवेअर पोटातलं वाचतं. असला मजकूर जगात कुणीच लिहिलेला नसतो, मग जुळणार कशाशी? शून्य टक्के. मॅडमनी स्वतः मोबाइलवर, युनिकोडमध्ये टाइप केलं होतं, म्हणजे पोटातही मराठीच. त्यांचं सॉफ्टवेअरला वाचता आलं. म्हणून त्या सापडल्या.

मी सगळे शून्याचे रिपोर्ट उघडून बघितले. सगळीकडे डॉलर. मला आधी हसू आलं आणि मग राग आला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी आजवर परीक्षेच्या पेपरात वाक्यात उपयोग करण्यापुरतं वापरलं होतं.

समितीची बैठक बोलावली. डिजिटल फळ्यावरचं प्लास्टिक तोवर निघालं नव्हतं, त्या निमित्ताने निघालं. मी काळे सरांचा रिपोर्ट फळ्यावर लावला.

"हे काय इंग्लिशमधी दिसायलंय?" गरुड सर म्हणाले.

"सर, हा काळे सरांचा प्रस्ताव आहे. सॉफ्टवेअरला असा दिसतो."

काळे सर चष्मा वर करून पुढे वाकले. "कोडिंग असंल ते. मशीन आधी कोडिंग करतंय, मग तपासतंय."

मी समजावून सांगितलं. फॉन्ट, पोट, डॉलर, सगळं. सोपं करून सांगणं हा आमच्या कॉलेजचा अभ्यासक्रमच आहे, त्यामुळे सगळ्यांना लवकर समजलं.

"म्हणजे," गरुड सर हळू आवाजात म्हणाले, "आपलं शून्य, शून्य न्हाई?"

"किती आहे ते कुणालाच माहीत नाही, सर. तपासणी झालेलीच नाही. सगळ्यांच्या फाइल युनिकोडमध्ये करून घेऊ आणि परत तपासू. मॅडमचं परिशिष्ट बाजूला काढून त्यांचंही बघू."

काळे सर उठून उभेच राहिले. "परत? सर्टिफिकेटं विद्यापीठाला गेलीत, सत्कार झाला, पेपरात फोटो आला. आता परत काय तपासायलात तुमी? आन् परिशिष्ट काढायचं न्हाई. फाइल पूर्ण टाकायची, एकदाच टाकायची, नियम हाय. नियम म्हंजे नियम."

"मग मॅडमचं काय करायचं?"

झाकली मूठ सव्वा लाखाची असते हे गरुड सरांना कुणी शिकवावं लागत नाही. त्यांनी थोडा विचार केला आणि तोडगा काढला. "ढवळे मॅडम, तुमीबी सलीमभाईकडून टाइप करून आणा की. नवीन फाइल, नवीन तपासणी. सगळ्यांचा एकच फॉन्ट, सगळ्यांचं एकच शून्य. हाय काय अन् नाय काय."

मॅडमचा चेहरा लाल झाला. "सर, मी चोरी केलेली नाही. हे मशीन सांगतंय, मठपती सर सांगतात. आणि तुमी मला चोरासारखं तोंड लपवायला सांगायलात?"

"तोंड कुठं? फॉन्ट बदला म्हणालो."

मॅडम पर्स उचलून निघून गेल्या. मला त्या वेळी आपल्या पेशाची मनापासून शरम वाटली. समितीने चहा मागवला. बैठकीच्या इतिवृत्तात 'तांत्रिक बाबींवर सखोल चर्चा झाली' असं लिहिलं गेलं. प्रस्ताव पाठवायला दोनच दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी मॅडम वालूरहून परस्पर ग्रंथालयात आल्या. साडीवर खडूचे डाग होते.

"आज एका पोरीनं पूर्ण धडा वाचला," त्या खुर्चीत बसत म्हणाल्या. "एक चूक नाही. मी विचारलं, बाळा, धड्यात काय झालं? तर म्हणाली, मॅडम, वाचलं की! आता काय झालं म्हणून काय विचारायलाव? सर, ही पोरगी मला सोडायची नाही. मी सलीमभाईकडं जाणार."

मला वाईट वाटलं. पण मॅडमचं बोलणं संपलं नव्हतं.

"जाणार, पण खोटं बोलणार नाही. पहिल्या पानावर प्रस्तावनेतच सगळं लिहिणार. हा प्रस्ताव जुन्या फॉन्टमध्ये का आहे, त्याचं शून्य खोटं कसं, खरा आकडा किती आणि तो कशामुळे. शिवाय कॉलेजातले बाकीचे प्रस्तावही याच कारणाने शून्य आहेत, हेही."

"मॅडम, कुणी वाचलं तर?"

"वाचावं म्हणून तर लिहायलेय. वाचून बाद केलं तर निदान वाचून बाद झालं म्हणता येईल."

आम्ही दोघं सलीमभाईंकडे गेलो. दुकानावर नवा बोर्ड लागला होता, 'प्रबंध, प्रोजेक्ट, प्रस्ताव. शून्य टक्क्याची गॅरंटी.' सलीमभाईंनी खुर्च्या दिल्या. "आपल्या हाताला बरकत हाय, सर. गंगाखेडहून लोक यायलेत आता. काय जादू हाय म्हन्तेत." त्यांना बिचाऱ्यांना खरंच वाटत होतं की हा त्यांच्या टायपिंगचा गुण आहे.

मॅडमनी पहिलं पान पुढे केलं. "सलीमभाई, हे जरा नीट वाचून टाइप करा."

"वाचत बसलो तर स्पीड मार खातो, मॅडम. आमी अक्षर बघतो अन् मारतो." आणि खरोखरच, आपल्या जादूचं रहस्य त्यांनी आमच्या डोळ्यांसमोर घडाघडा टाइप केलं, प्रिंट काढली आणि वर मोफत स्पायरल बाइंडिंग करून दिलं.

रिपोर्ट आला. शून्य टक्के. प्राचार्यांनी 'प्रस्ताव वाचला, शिफारस करण्यात येते' या छापील ओळीखाली सही केली. काळे सरांनी शिक्का मारला आणि मॅडमना म्हणाले, "बघा, जमलं का न्हाई? उगं तापायलता." त्यांचं बोट शिक्का मारताना नेमकं त्या पानावर होतं, ज्यावर त्यांच्याविषयी चार ओळी होत्या. सरांनी पान उलटलं, पुढच्या पानावरही शिक्का मारला आणि प्रस्ताव विद्यापीठाला गेला.

विद्यापीठात प्रस्ताव तज्ज्ञांच्या समितीपुढे जातो. तीन तज्ज्ञ असतात, ते स्वतंत्रपणे वाचतात आणि अभिप्राय देतात. दीड महिना मॅडमची झोप उडाली होती. नोकरी कंत्राटी, वर्षाच्या वर्षाला वाढवून मिळणारी. पहिलं पान कुणी वाचलं तर गरुड सर पुढच्या वर्षी त्यांना उभं करणार नाहीत, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. तरी वालूरला जाणं त्यांनी सोडलं नाही.

मग पत्र आलं. प्रस्ताव मंजूर. तिघांचेही अभिप्राय जोडलेले होते. पहिल्या तज्ज्ञांनी लिहिलं होतं, 'विषय कालसुसंगत.' दुसऱ्यांनी, 'शून्य टक्के साधर्म्य, अभिनंदनीय.' तिसऱ्या तज्ज्ञांनी मात्र काटेकोरपणे एक सुधारणा सुचवली होती. 'प्रस्तावना त्रोटक वाटते. अधिक विस्ताराने लिहावी व सुधारित प्रत सादर करावी.'

मॅडमनी ते पत्र दोनदा वाचलं. मग टेबलावर डोकं टेकवून इतक्या हसल्या की वाचनकक्षातली मुलं वळून बघायला लागली.

त्यांनी प्रस्तावना विस्ताराने लिहिली. आधी एक पान होती, आता चार झाली. काळे सरांचे सगळे तालुके त्यात सालवार आले. बैठकीत कोण काय म्हणालं तेही आलं. सलीमभाईंनी घडाघडा टाइप केलं, काळे सरांनी पानापानावर शिक्का मारला, विद्यापीठाने 'सुधारणा समाधानकारक' असं कळवलं आणि पैसे जमा झाले. आता वालूरच्या शाळेत रेकॉर्डर आहेत, टॅब आहेत. मुलं एक वाक्य वाचतात, थांबतात आणि काय वाचलं ते सांगतात. काम हळू चालतं, पण चालतं.

संशोधन करू इच्छिणाऱ्या तरुण प्राध्यापकांनी एवढं लक्षात ठेवावं. प्रस्ताव मशीनने वाचला नाही, सलीमभाईंनी वाचला नाही, प्राचार्यांनी, अध्यक्षांनी आणि तीन तज्ज्ञांनीही वाचला नाही. त्यांपैकी न वाचण्याचं मानधन फक्त तज्ज्ञांना मिळालं.