एका इंचाचं शुद्धिपत्रक

पात्यापासून एक इंच सोडून मी टेप चिकटवला आणि तो इंच लक्षात ठेवायचं ठरवलं.

फरीदाबादच्या घराच्या मागच्या व्हरांड्यात मी लाकूड कापायचं एक मेज बनवलं होतं. भंगारातली मोटर, पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या आणि मधल्या फटीतून डोकं वर काढणारं गोल पातं. पात्याला समांतर एक पट्टी सरकायची. ती पात्यापासून जितकी लांब, तितकी रुंद फळी कापली जायची. दर वेळी अंतर कोण मोजणार? म्हणून मेजावरच माप हवं होतं. करोल बागेत पोलादी मोजपट्टी पाहिली, भाव ऐकला आणि "अच्छा, सोचकर आता हूँ" म्हणून जो निघालो तो थेट घरी. घरी बायकोचा शिवणाचा टेप होता, फुकट. पात्याशेजारच्या पत्र्यावर तो काही चिकटेना, म्हणून इंचभर पुढं, लाकडावर लावला. म्हणजे टेपवर सतरा दिसले की फळी अठरा इंच. पहिला इंच कापून टाकला असता तर काम संपलं असतं, पण बायकोच्या टेपला कात्री लावायची माझी हिंमत नव्हती. दुमडला असता तरी चाललं असतं. सुचलं नाही.

सुचलं ते ऑफिसातलं. केंद्र सरकारच्या आमच्या खात्यात चुकलेला आदेश कुणी पुन्हा काढत नसे. मागाहून शुद्धिपत्रक निघायचं, अमुकऐवजी तमुक वाचावे. तशीच एक चिठ्ठी मी मेजावर डकवली: 'एक इंच वजा करून लावावे.' बायकोनं ती दोनदा वाचली आणि आत गेली. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

मुलगी तेव्हा पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. नात झाली. दिल्लीतल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांत एकच पाळणा फिरायचा. कुणाकडे बारसं असलं की ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून आणायचा. माझी मुलगीही त्यातच झुलली होती. पण तिच्यासाठी तो आणला तेव्हा आतल्या बाजूला दुसऱ्याच कुणाच्या बाळाचं काजळ लागलेलं होतं, ते मी विसरलो नव्हतो. नातीला घरचा पाळणा हवा, आजोबांच्या हातचा. मुलीच्या लहानपणीच्या पलंगाचं सागवान जपून ठेवलं होतं. पाळण्यापुरतं होतं, वर ढलपीही उरणार नव्हती.

उशाकडची आणि पायथ्याकडची, दोन्ही फळ्या अठरा इंची हव्या होत्या. माझे हात गुंतलेले, म्हणून बायको मापांच्या कागदावरचे आकडे वाचून दाखवणार होती. पहिल्या फळीच्या वेळी कुकरची शिट्टी झाली आणि ती आत गेली. मी कागद पाहिला: अठरा. एक वजा, सतरा. कापली. ती परत आली.

"पायथ्याची सांग."

"सतरा."

मी निष्ठेनं एक वजा केला आणि सोळावर पट्टी लावली. आधीची फळी अठरा होती हे आठवायला हवं होतं. पण माझी सगळी आठवण तो इंच सांभाळण्यात गुंतली होती. वर म्हणालोसुद्धा, "बघ, एकदाही विसरलो नाही." मोटरच्या आवाजात तिला ते ऐकू गेलं नाही.

बारशाच्या आदल्या दिवशी पाळणा जोडायला घेतला. तो उशाकडे रुंद, पायथ्याकडे अरुंद झाला. तळाची फळी बसेचना. जावई नोएडाहून आले होते. ते वाकून बघत म्हणाले, "बाबा, डिझाइन आहे का हे?"

"डिझाइनच," मी म्हणालो. मुलगी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, ती खाली बघून हसली. जोड देता आला असता, पण डिंक वाळेपर्यंत बारसं उरकलं असतं. शेवटी मीच जावयांना म्हटलं, करोल बागेतल्या ओळखीच्यांकडे जा आणि तो फिरता पाळणा घेऊन या.

ते गेल्यावर मी फळ्या शेजारी शेजारी ठेवून बसलो. लग्नानंतर आम्ही दोघं एकमेकांच्या चुका धरूनच मोजत आलो असणार. ती डाळीत मीठ घालते ते मी वरून घेणार हे गृहीत धरून. मी घरून निघायची वेळ सांगतो ती तिला उशीर होणार हे गृहीत धरून. बोलत कुणीच नाही, आणि बेरीज बहुतेक बरोबर येते. पण ही फळी? तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. मी तिला हाक मारली.

"कागदावर अठरा होतं. तू सतरा का सांगितलंस?"

"एक वजा करून सांगितलं. तुम्ही विसरणार म्हणून."

"पण मी विसरलो नव्हतो!"

"तेच तर," ती म्हणाली. "एवढ्या वर्षांत एकदाच लक्षात ठेवलंत आणि पाळण्याची वाट लावलीत."