दरीपलीकडची हाक

महाडच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये वीस वर्षं मी मॉडेमची व्याख्या लिहून देतोय. मुलं ती पाठ करतात, मार्क मिळवतात आणि विसरतात.

एकदा नेट बंद पडलं म्हणून वायरवाला आला. डोंगरातल्या कापडे गावचा, पन्नाशीचा. कुणी बोललं की मान तिरकी करून ऐकायचा. काम आटोपल्यावर त्याने फळ्यावरची माझी व्याख्या वाचली आणि मुलांकडे वळला.

"आमच्याकडं दरीपलीकडच्या वाडीत निरोप द्यायचा तर नुसतं बोलून भागत नाय. शब्द ताणून हाक मारायची. पलीकडचा त्या हाकेतनं शब्द परत काढतो. पण आधी त्याची ओ आली पायजे. वारा असला तर आणखी सावकाश. जुना मॉडेम फोनच्या तारेवर ह्येच करायचा."

मागच्या बाकांवरच्यांनीसुद्धा वह्या उघडल्या. माझा नुसता जळफळाट झाला. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी उजळणीला मी तीच हाक माझी म्हणून ऐकवली. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, हे कालच्या काकांनी सांगितलेलं ना?"

"पुस्तकातच आहे ते," मी म्हणालो.

ती अजून पान शोधतेय.