ब्रेकले लावलेलं वंगण

मी चौथी नापास. पण चाळीस वर्षं बैलबंडी हाकली, करकरणाऱ्या चाकाचं औषध मले कोणी शिकवू नये. वंगण! म्हणून आमची जुनी कार ब्रेक दाबला की किंचाळू लागली, तेव्हा मी घरीच जॅक लावला, समोरची दोन्ही चाकं काढली अन् आतल्या चकचकीत लोखंडी तबकडीले दोन्हीकून ग्रीस चोपडलं. आवाज बंद.

फाटकाशी ब्रेक दाबला, तर गाडी थांबलीच नाही. कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या ढिगात जाऊन घुसली.

बायको ओट्यावरून पाहत होती. दुसऱ्या दिवशी तिले यवतमाळले न्यायचं होतं, गुडघ्याच्या ऑपरेशनले. तारीख मोठ्या मुश्किलीनं भेटलेली, अन् एसटीची पायरी तिले चढवत नव्हती.

"मी रांगत जाईन एसटीत," ती म्हणाली, "पण तुमच्या गाडीत बसत नाही."

"काहून? आवाज गेला ना!"

"आवाज गेला, आता आपला नंबर."

त्याच दुपारी पहिल्या गेअरमधी, हँडब्रेकच्या भरवशावर, गाडी महागावले नेली. तिथला मुसलमान मिस्त्री माझ्या पोराच्या वयाचा. चाक काढून त्यानं तबकडीवर बोट फिरवलं, वास घेतला.

"चाचा, ये किसने किया?"

"म्या. दुसऱ्याले हात लावू देत नाही मी."

"बंडीचं चाक फिरावं म्हणून वंगण, चाचा. हे तर थांबवाचं आहे. घासल नाही तर थांबल कसं?"

मी ग्रीसचे हात पाठीमागं नेले.

त्यानं ब्रेकचे जुने पॅड माझ्या हातावर ठेवले. झिजून नखाएवढे पातळ झालते. किंचाळत होते ते त्याच्यासाठीच. नवे बोटभर जाड. तबकडी त्यानं घासून-पुसून कोरडी केली, नवे पॅड बसवले. मग ब्रेक ऑइलची डबी उघडून कपाळाले हात लावला. "हे कधी बदललं?"

"ते बदलाचं असते?"

त्यानं मले सीटवर बसवलं अन् स्वतः चाकापाशी आडवा झाला. "दाबा. धरून ठेवा. आता सोडा." एका नळीतून काळं तेल अन् बुडबुडे बाटलीत उतरत होते. माझा पाय गादीत रुतल्यावानी खाली जाय.

"हवा दबते चाचा, तेल दबत नाही," तो खालून म्हणाला.

चौथं चाक झालं, अन् पायाखाली पेडल दगडावानी टणक झालं. अंगावर काटाच आला. पाय माझा इथं, अन् चारही चाकं धरली तिकडं! मधी दोर नाही, साखळी नाही. काडीएवढ्या नळीतलं पाण्यासारखं तेल. बैल थांबवाले मी कासरे ओढू ओढू तळहात सोलून घेतलेले. मी उगाच दाबत बसलो.

"चाचा, काम झालं."

"माहीत आहे. तू तुझं पाह्य."

दुसऱ्या दिवशी बायको गाडीजवळ काठी टेकून उभी. "मिस्त्रीनं केलं? तुमी नाही ना हात लावला?"

"नाही लावला." हे दोन शब्द बोलाले मले लय जड गेलं. ती बसली.

वाटेत एका उतारावर म्हशी आडव्या आल्या. मी पाय ठेवला. गाडी ना किंचाळली ना घसरली. समजदार माणसावानी हळूच उभी राह्यली. म्हशी निघून गेल्या तरी मले पाय उचलावासा वाटेना.

"चला नं आता," मागून बायको म्हणाली, "डॉक्टर वाट पाहून राह्यले."