रिकामे चौकोन

बसवराज गेल्याचा फोन मला नांदेडला सकाळी आला, तेव्हा मी दाढी करत होतो. पलीकडून महादेवीवहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले." मग म्हणाल्या, "त्यांचं ते कॉम्प्युटरचं मशीन चालूच हाय. काहीतरी विचारून राहिलंय ते."

पूर्वी लातूरला बसूच्या घरातल्या एका खोलीत आम्ही दोघं मित्र जुन्या फाँटातली मराठी युनिकोडमध्ये आणायचे प्रोग्रॅम लिहायचो. मशीनला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. जुन्या फाँटात 'क'चा आकडा एक, युनिकोडमध्ये दुसराच. बसू एकेक आकडा तपासून वहीत तक्ता मांडायचा. त्याच्या या संथपणानं माझं डोकं फिरायचं. दुष्काळाचं वर्ष होतं. त्यात उदगीर वेगळा जिल्हा होणार अशी हवा, म्हणून एका कचेरीला गावांच्या याद्या घाईनं हव्या होत्या. टँकरची यादीही त्यातच. जो आकडा तक्त्यात सापडणार नाही, तिथं रिकामा चौकोन छापून पुढं जायचं, अशी ओळ प्रोग्रॅममध्ये मी घातली. ती माझीच होती, हे आज लिहून टाकतो.

शिरूर अनंतपाळकडच्या एका वस्तीचं नाव कुणीतरी भलत्याच फाँटात टाइप केलं होतं. त्याचे नुसते चौकोन छापले गेले. कचेरीत ती ओळ निकामी समजून काढून टाकली, आणि त्या वस्तीला टँकर गेलाच नाही. बसूच्या हे लक्षात आलं तेव्हा महिना उलटला होता.

भर दुपारी आम्ही मोटारसायकलवर तिथं पोचलो. घरांना कुलपं. कुत्रंसुद्धा नव्हतं. टाकीपाशी मात्र तीस-चाळीस घागरी रांगेत उभ्या होत्या, नंबर धरून. माणसं निघून गेली होती, रांग तेवढी राहिली होती. वारा आला की त्या रिकाम्या घागरी घुमायच्या... एकीमागून एक. बसूनं एक आडवी पडलेली घागर उचलून तिच्या जागी उभी केली.

"आपलेच चौकोन हाईत हे, दिल्या," तो म्हणाला. माझी ओळ त्यानं त्याच दिवशी काढली आणि आकडा सापडला नाही की थांबून विचारणारी ओळ घातली. पुढं कुठलाही नवा प्रोग्रॅम केला, की तो आधी तीच यादी त्यातून चालवून बघायचा.

तेरावं झाल्यावर मी त्या खोलीत गेलो. मशीन कुणी बंद केलं नव्हतं. तीच यादी, त्याच वस्तीशी थांबलेली. पडद्यावर एकच ओळ होती: "दिल्या, इथं कोण हाय?"

मी नुसतं एंटर दाबलं. तोच प्रश्न परत आला. पुन्हा दाबलं, पुन्हा तोच. मागं दारात वहिनी उभ्या होत्या, त्यांच्याकडं बघायची माझी छाती होईना. शेवटी कपाटातून मूळ यादीचा जुना कागद काढला, चष्मा लावला आणि वस्तीचं नाव एकेक अक्षर टाइप केलं.

"हाव, बराबर," बसूनं लिहून ठेवलेलं पडद्यावर उमटलं. "आता चल पुढं."