भाऊजींचा नाताळ

पांढुर्णा आणि सौंसर या दोन गावांतल्या दुकानात एखादी नवी खाण्याची चीज आली आणि ती आमच्या भाऊजींच्या तोंडात न जाता खपली, असं गेल्या वीस वर्षांत एकदाही घडलेलं नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. रामाकोन्याजवळ त्यांची संत्र्याची बाग आहे. डिसेंबरात माणसानं बागेत असावं. पण बेकऱ्यांवर कागदी चांदण्या लटकल्या की यांचा पाय घरात ठरत नाही. नाताळाशी आमच्या घराण्याचा काडीचा संबंध नाही. पण नाताळ आला की दुकानदारांच्या डोक्यात काहीबाही शिरतं आणि ते मिठाईतून बाहेर पडतं, हे त्यांनी फार पूर्वी हेरलं होतं. पालकाच्या शेवेचं झाड, लाल टोपी घातलेली बालूशाही, मनुके टाकलेला तिखट चिवडा, सगळ्यांची रीतसर परीक्षा व्हायची. आधी चीज तळहातावर तोलायची, मग मोडून वास घ्यायचा, मग डोळे मिटून चावायची, आणि ते चावत असताना दुसऱ्यानं ब्र काढायचा नाही. एकदा पांढुर्ण्याच्या एका हलवायानं खव्याचा सांताक्लॉज करून त्याला सोनपापडीची दाढी लावली. भाऊजींनी तो पायापासून खात खात वर नेला, पाणी प्याले आणि म्हणाले, "दाढी चांगली हाये. माणूस शिळा हाये." हलवायानं उरलेले सांता गुपचूप आत नेले.

या दौऱ्यांवर मोटरसायकल चालवणं माझ्याकडे. सौंसरला नोकरी आणि स्वभावानं गरीब, एवढी माझी पात्रता. तिगावला कोणी नाताळासाठी नवीन काही तळतं, एवढ्या ऐकीव बातमीवर त्यांनी मला एका रविवारी अंथरुणातून उठवून तिकडे नेलं. निघाले साधे शंकरपाळे, वर लाल रंग. "रंगाले काय चव रायते का बे?" असं परतीच्या सबंध रस्त्यात ते मला विचारत होते, जसे काही ते मीच तळले होते.

लोकांना हा चाळा वाटायचा, पण भाऊजींची सगळी इज्जत त्या जिभेवर होती. आमच्याकडे बागेचा सौदा फळ झाडावर असतानाच ठरतो. व्यापारी आणि बागवाला यांचं जमेना की भाऊजींना बोलावणं येतं. ते सावलीतल्या फांदीचं एक फळ तोडतात, फोड तोंडात घालतात आणि माल आज तोडावा की पंधरा दिवस थांबावं ते सांगतात. इतर कुठल्याही विषयावर ते बोलले तर कोणी मनावर घेत नाही, घरात तर नाहीच. पण संत्र्याचं बोलले की दोन्ही बाजू माना डोलावतात.

यंदा पोळ्यानंतर त्यांना ताप आला. आठवडाभरात उतरला, आम्ही विसरलो. डिसेंबरात सौंसरच्या एका बेकरीत 'संत्र्याचा नाताळ केक' आल्याचं कळलं आणि आम्ही गेलो. बोरगावचे दोन व्यापारी तिथेच भेटले. दुसऱ्या दिवशी एका बागेत भाऊजींना न्यायचं होतं त्यांना. बेकरीवाल्यानं सगळ्यांच्या हातावर एकेक तुकडा ठेवला. भाऊजींनी तोलला, मोडला, नाकाशी नेला, डोळे मिटले. "आंबिया बहाराचा संत्रा हाये," ते म्हणाले. "साल किसून टाकली यानं. माल बोरगावकडचा."

मी माझा तुकडा तोंडात टाकला. तो अननसाचा होता. लहान पोरानंही सांगितलं असतं इतका अननसाचा. ट्रे बदलला होता, आणि ते बेकरीवाल्याच्याही त्याच क्षणी लक्षात आलं होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घालून म्हणाला, "बरोबर हाये काका. तुमच्यापासून काय लपते?" व्यापारीही "बरोबर, बरोबर" म्हणाले. एरवी त्या दुकानात भाऊजींशी हुज्जत घातल्याशिवाय कोणी केक गिळत नसे. त्या दिवशी मात्र सगळे एकमतानं मान देत होते, आणि तेवढ्यावरूनच आपलं चुकलं हे भाऊजींना कळलं. निघताना बेकरीवाल्यानं एक डबा माझ्या पिशवीत सारला. "हा खरा संत्र्याचा," तो पुटपुटला.

आम्ही परतलो. घरी ताईनं मला आत नेलं. "तीन महिने झाले, ह्यायले वासच येत नाई," ती म्हणाली. "त्या दिवशी भाजी जळून राहिली होती, आन हे बाजूलेच बसून पेपर वाचून राहिले होते. कोणाले सांगू नको म्हणते. डाक्टर म्हणते, येईन बी, नाई बी येणार." तेवढ्यात बाहेरून भाऊजींचा फोनवरचा आवाज आला. "उद्या मी येत नाई. नाई, तब्येत ठीक हाये. तुम्ही दुसरा माणूस पाहून घ्या." थोडं थांबून म्हणाले, "नुसतं उद्यापुरतं नाई सांगून राहिलो मी. आता नेहमीसाठीच पाहा." मला फार वाईट वाटलं. त्यांना कोणी काढलं नव्हतं. ते आपणच उठून बाजूला झाले होते.

मी बाहेर आलो तर त्यांनी डबा उघडलेला. तुकडा मोडला, सवयीनं नाकाशी नेला, आणि मग माझ्यापुढे धरला.

"तू खा. आन सांग."

मी खाल्ला. "गोड हाये," म्हटलं.

"गोड तं मलेबी समजते. मंग?"

"मंग थोडं कडू लागते. सालीसारखं."

ते सरसावून बसले. "आधी का नंतर?"

"नंतर."

"आन त्याच्या नंतर?"

मी आणखी एक तुकडा घेतला. त्यांनी डोळे मिटले होते आणि रिकामं तोंड हळूहळू हलवत होते. आयुष्यभर मी नुसता खात आलो, हे मला तेव्हा कळलं. जीभ टाळूला लावून पाहिली, पुन्हा चावलं, सुचेल ते बोलत राहिलो. मला सांगता आलं ते फार थोडं होतं.